फक्कीचा चौक

"ओ म्याडम, भितमाईन कथा चालनात? दार तिकडे शे ना."

दिपमालाचा उचललेला पाय तसाच राहिला. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली आणि पाय अर्धवट हवेत, अशी ती नशिराबादच्या अलीकडे, हायवेपासून थोड्या आत असलेल्या एका मोकळ्या रानात उभी होती. गेल्या हंगामापर्यंत इथे कपाशी होती. आता ही जागा जीवरामआबांच्या फर्निचर कारखान्याची होती आणि कारखाना इकडे वाढायचा होता. भिंत वगैरे काही नव्हतं. चहूकडे सपाट काळी माती, पलीकडे कारखान्याच्या जुन्या पत्र्याच्या शेडची पाठ, आणि पायाशी चुन्याच्या फक्कीची दुहेरी पांढरी रेघ. ती रेघही दिपमालानेच आठवड्यापूर्वी मारून घेतलेली, कारण या वाढीव कारखान्याची आर्किटेक्ट तीच होती. म्हणजे स्वतःच काढलेल्या भिंतीतून ती आरपार निघाली होती, आणि तिला हटकणारी भागाबाई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चांगला लांबचा फेरा मारून दारातून आत येत होती. भागाबाई पॉलिश विभागात लाकूड घासायची. माहेर धुळ्याकडचं, सासर नशिराबादचं, आणि बोलणं अजून पुरतं माहेरचं. हंड्याखालची तिची मान जराही हलली नाही. डोळे मात्र दिपमालाच्या पायावर होते, आणि त्या डोळ्यांत चेष्टा असावी असं दिपमालाला आधी वाटलं, पण तशी ती नव्हती. घरात चपलेसकट शिरणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी ती बघत होती. आणि गंमत म्हणजे दिपमाला मुकाट मागे फिरली. रेघेच्या कडेकडेने चालत दारापर्यंत गेली, दारातून आत आली, आणि आत आल्यावर तिला खरोखरच आत आल्यासारखं वाटलं. आपण कशासाठी आलो होतो हे आठवल्यावर खराटा तिला नकोसा झाला.

ती चौक पुसायला आली होती. सकाळी पिंप्राळ्याहून निघताना, स्कूटर फाटकाबाहेर काढत असतानाच आबांचा फोन आला होता. "ताई, नकाशा बठ्ठा चांगला आहे. फक्त तो मधला चौक काढून टाका. कुंदन म्हणतो ती जागा फुकट जाते. तेवढ्यात आणखी मशिनं बसतील. आज भरीताची पार्टी आहे, लोक तिथेच जमतील, त्याआधी पुसून घ्या म्हणजे उगाच चर्चा नको. चौक काढला की आपलं पक्कं, उद्यापासून खोदकाम." कुंदन म्हणजे आबांचा मुलगा. आणि दिपमाला म्हणाली होती, "बरं आबा." इतक्या सहज म्हणाली की फोन ठेवल्यावर तिला वाटलं हे दुसरंच कुणीतरी बोललं. पुण्याच्या ऑफिसात सगळी उमेदीची वर्षं तिने हेच केलं होतं. जिन्याचे कठडे आखले, बाथरूमच्या फरशा बसवल्या, दुसऱ्यांच्या इमारतींची नखं कापली, आणि कुणी काही काढायला सांगितलं की "बरं सर" म्हणून काढलं. कागदावर ते सोपं असतं, एक बटण दाबलं की भिंत जाते. जळगावला परत येऊन स्वतःची पाटी लावल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. पाटी लावताना आईने पेढे वाटले होते आणि शेजारच्या बायांना सांगितलं होतं की माझी पोरगी आता स्वतःच्या मनाने घरं काढणार. स्वतःच्या मनाने. दिपमालाला सकाळपासून ते दोन शब्द कपड्यात अडकलेल्या कुसळासारखे टोचत होते. चौक गेला तर काम राहत होतं, पण मग ते काम तिचं राहत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तरीही हातात खराटा होता.

खरं तर चौकाशिवाय त्या नकाशात काही अर्थच नव्हता. बाकी सगळं त्या चौकाला धरून उभं होतं. कटाईचा विभाग, जोडणीचा, पॉलिशचा, जेवणाची खोली, ऑफिस, सगळ्यांची तोंडं चौकाकडे. सगळी छपरं चौकाकडे उतरती, म्हणजे पावसाचं पाणी मधल्या टाकीत उतरणार. पायाच्या खोदाईत निघणाऱ्या मातीच्याच दाबलेल्या विटा, त्यांच्या सव्वा फुटी भिंती. पत्र्याच्या खाली यावलकडच्या केळीच्या खोडांच्या धाग्यांपासून केलेले जाड बोर्ड, म्हणजे पत्रा तापला तरी माणूस तापणार नाही. कारखान्यात रोज उरणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा, आणि चौकात कडुनिंब, कारण तापलेली हवा वर जायला आणि गार हवा खालून आत यायला इमारतीला मध्ये कुठेतरी छाती मोकळी लागते. कुंदनचं म्हणणं मात्र सरळ होतं आणि अगदीच खुळचट नव्हतं. सलग पत्र्याची शेड, तयार सांगाडा, बोल्ट आवळले की उभी, हवा तेवढे पंखे, हवे तेवढे कूलर. पण दिपमाला मागच्या मे महिन्यात मोजमापं घ्यायला त्या जुन्या शेडमध्ये उभी राहिली होती. तिच्या हातातली टेपची पट्टी चटका द्यायला लागली होती. पॉलिशचा ब्रश फळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं टोक सुकून जायचं. भागाबाई ओला पदर डोक्यावर घेऊन घासत होती आणि पदर वाळला की पुन्हा भिजवत होती. दुपारच्या सुट्टीत आवारात उभ्या असलेल्या मालाच्या ट्रकखाली माणसं ओळीने झोपलेली, कारण तिथे सावली होती. ड्रायव्हर ट्रक काढायच्या आधी खाली वाकून बघत होता, सगळे उठले का. ते वाकून बघणं दिपमालाच्या मनातून गेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने कागदाच्या मध्यभागी पहिल्यांदा चौक काढला होता, आणि मग त्याच्या भोवती कारखाना.

नकाशा खऱ्या मापात जमिनीवर उतरवून बघायची कल्पनाही तिचीच. आबांना कागदावरच्या रेघा कळत नव्हत्या, ते नुसती मान हलवायचे, म्हणून तिने दोरी लावून, चुन्याच्या फक्कीने सगळा कारखाना मातीवर काढून दिला. भिंतींच्या दुहेरी रेघा, दारांच्या जागी मोकळी फट. फक्की मारणारा माणूस आधी हसला होता, खोदकाम ठरायच्या आधी कोणी एवढा चुना घालतं का म्हणून. आणि मग हे सुरू झालं. पहिल्या दिवशी जोडणीवाले डबे घेऊन आले आणि नेमके चुन्यातल्या जेवणाच्या खोलीतच बसले, चपला रेघेबाहेर काढून. राखणदार चंदनने एका शेळीला चुन्यातल्या ऑफिसातून हाकललं ते दारातूनच हाकललं, म्हणे तिला सवय लागली पाहिजे. शेळीने भिंतींचा काही मान ठेवला नाही, पण चंदन तिच्यामागे धावताना स्वतः दोनदा दाराकडून फिरून आला. कुणीतरी पॉलिश विभागाच्या रेघेला टेकवून फळ्या उभ्या करायचा प्रयत्न केल्याचीही गोष्ट होती, पण ती बहुधा नंतर रंगवलेली असावी. दिपमालाला हे सगळं चंदन सांगायचा तेव्हा ती हसायची. आज भागाबाईने हटकलं तेव्हा पहिल्यांदा ते तिच्या अंगावर आलं. या लोकांनी आठ दिवसांत ते सगळं बांधून टाकलं होतं. आपण पुसायला आलो ते रेघा नव्हेत, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि तिला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

कारण भिंती नसलेल्या घरात तीही वाढली होती. पिंप्राळ्याला त्यांची एकच खोली होती, तीत पाच माणसं, ट्रंका, शिलाई मशीन आणि बाबासाहेबांची तसबीर. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. दिपमाला सातवीत गेली त्या वर्षी आईने, यशोदाबाईने, खडूने कोपऱ्यात एक चौकोन आखला आणि जाहीर केलं की ही अभ्यासाची खोली. खोलीत एक गोणपाट होतं आणि वर लोंबणारा दिवा. त्या चौकोनात जो बसेल त्याला कुणी हाक मारायची नाही, पाणी आण म्हणायचं नाही, रडणारं लहान भावंड त्याच्या मांडीवर ठेवायचं नाही. आई हातभर अंतरावर भाकरी थापत असायची. तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, पिठाचा वास यायचा, पण बोलायचं झालं तर ती लांबून बोलल्यासारखं बोलायची, "दिपू, बाहेर आली का सांगजो." आणि दिपमाला आतून म्हणायची, "आलेच." एकदा वडील कामावरून दमून आले आणि चुकून गोणपाटावर बसले, तर आईने त्यांना उठवलं होतं, "ती खोली रिकामी नाही." पुढे कॉलेजात भिंतीची जाडी, भिंतीचं वजन, भिंतीतून जाणारी उष्णता, सगळं शिकवलं. पण भिंत म्हणजे मुळात एकमेकांशी केलेली एक कबुली असते हे तिला खडूने आधीच शिकवलेलं होतं, आणि ती ते पुण्याला जाऊन साफ विसरली होती. आज भागाबाईच्या आवाजात तिला आईची ती लांबून मारलेली हाक ऐकू आली. खराटा ती हळूच जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात, म्हणजे चुन्याच्या कोपऱ्यात, टेकवायला गेली आणि तो अर्थातच धाडकन पडला. भागाबाई हंडा उतरवता उतरवता खुदकन हसली, तेव्हा दिपमालाही हसली.

एवढ्यात मंडळी यायला लागली. दर वर्षी पौषात आबांची ही पार्टी असायची, आणि भरीताची पार्टी म्हटल्यावर घरचं लग्न टाळून येणारेही जळगावात निघतील. लांबट हिरवी वांगी पोत्याने आली. पऱ्हाट्यांचे भारे आले, याच रानातल्या शेवटच्या कपाशीचे. वांगी ठेचायची, कारखान्यातच कोरलेली लाकडाची दणदणीत बडगी दोघांनी उचलून आणली. ठेचायला पाळी कोणाची यावर आधीच वाद लागला होता. बायांनी चटणीच्या मिरच्या निवडायला घेतल्या. आणि सगळे, एकूण एक सगळे, दारातून आत आले. आपसांत बोलत, हसत, एकमेकांना ढकलत, पण दाराशी आले की रांग बारीक व्हायची आणि आत आल्यावर पुन्हा पसरायची. दिपमाला चौकात उभी राहून बघत होती आणि तिच्या आनंदाच्या खाली काहीतरी हलत होतं. इतकी मुकाट रेघ पाळतात ही माणसं. कोणी ओढली, कशासाठी ओढली, विचारत नाहीत. तिला झिपरूआजा आठवला. यावलच्या पुढच्या एका गावात तिचा आजोबा झिपरू आयुष्यभर अशाच रेघा पाळत जगला होता, त्या तर चुन्याच्याही नव्हत्या. दुकानापाशी कुठे थांबायचं, आडापासून किती लांब, चावडीच्या कोणत्या दगडापर्यंत, सगळं त्याच्या पायांना माहीत होतं. म्हातारपणी तो एकदा तिच्या कॉलेजात आला होता, प्रदर्शन बघायला. तिने पुठ्ठ्याचं मोठं मॉडेल केलं होतं, काहीतरी सांस्कृतिक केंद्र, कमानीबिमानी. आजा धोतर सावरत त्याच्याभोवती दोनदा फिरला, वाकला, आणि बोट न लावता म्हणाला, "याच्यात आपलं दार कोनतं, माय?" तिच्या मैत्रिणी हसल्या होत्या. तीही हसली होती आणि म्हणाली होती, सगळीच आपली आहेत आजा. त्याने मान डोलावली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही. त्यानंतर कुठलाही नकाशा काढला की तिचं पहिलं लक्ष दारावर जायचं. या कारखान्यात म्हणूनच मुख्य दार एकच होतं, मालकाचं आणि घासणाऱ्या बाईचं तेच, थेट चौकात उघडणारं. चौक गेला तर दारं आपोआप दोन होणार होती, ऑफिसचं रस्त्याकडून आणि कामगारांचं मागून. हे आबांना ती सांगू शकली नव्हती. "बरं आबा" म्हणून बसली होती. आता मात्र तिला स्वतःचा स्वच्छ राग आला, आणि राग आल्यावर जरा हलकं वाटलं.

आगटी पेटली ती स्वयंपाकघरात. नकाशात स्वयंपाकघर ईशान्येला होतं, आणि जिथे स्वयंपाकघर तिथेच आग पेटवायची यात कुणाला शंका नव्हती. पऱ्हाट्या तडतडल्या, वांगी त्यावर रचली गेली, सालींचा करपट गोड वास सुटला, आणि धुराचा एक जाड लोट उठला तो चौकातून सरळ पलीकडच्या ऑफिसात गेला. तिथे त्याच वेळी कुंदन येऊन उभा राहिला होता. हा तिशीचा, गोरागोमटा, कायम घाईत असलेला मुलगा, मनाने वाईट नाही, पण कानाला फोन नसला तर त्याचा हात कुठे ठेवावा हे त्याला कळायचं नाही. तो खोकत डोळे पुसत म्हणाला, "बघा म्याडम, म्हणून सांगत होतो. चौक ठेवला की धूर घरात. तो चौक पुसायचा राहिला वाटतं?" दिपमाला धुराकडे वळली. ती वाऱ्याकडे बघत होती. वाऱ्याचा तिने कसून अभ्यास केला होता, पण उन्हाळ्याचा. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा, मग ईशान्येचा धूर बाहेरच्या बाहेर जातो, तक्ते तसंच सांगत होते. हिवाळ्यात वारा नेमका उलटीकडून येतो, आणि हिवाळ्यात या लोकांना भरीत लागतं, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात नव्हती. जळगावात जन्मून ती तिच्याही डोक्यात आली नव्हती. "धूर बठ्ठा आबास्ना हापिसमा चालना," भागाबाईने मिटल्या डोळ्यांनी जाहीर केलं. दिपमालाने चंदनला उरलेल्या चुन्याचं पोतं आणायला सांगितलं. पायाने तिने जुन्या स्वयंपाकघराची रेघ मोडली आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात, मूठमूठ चुना सोडत, नवीन स्वयंपाकघर काढलं. रेघ वाकडी आली, कुणी काही म्हटलं नाही. वांग्यांचा दुसरा हप्ता तिकडे लागला. धूर भिंतीच्या कडेने निघाला आणि रानात जाऊन विरला. चौक स्वच्छ झाला. दिपमालाचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि तिला फार दिवसांनी भूक लागली होती.

कुंदन धुरापासून वाचायला मागे सरकला होता आणि फोनवर बोलत उभा होता, पत्र्याच्या शेडवाल्याशीच, कारण "सलग, सलग" असं ऐकू येत होतं. मिरच्या निवडणाऱ्या बायांमध्ये कुजबुज झाली, एक दुसरीला ढोसायला लागली, आणि शेवटी भागाबाईने आवाज दिला, "कुंदनभाऊ, भितवर उभा शेतस तुम्ही. पडशात." त्याने खाली बघितलं. त्याचे चकचकीत बूट दुहेरी रेघेच्या बरोबर मधोमध होते. तो "हां हां" म्हणत पटकन खाली उतरला, म्हणजे खरं तर नुसता बाजूला झाला, पण त्याने गुडघा वाकवला होता. बायांनी ते बघितलं आणि मग काही वेळ मिरच्या निवडायचं काम होऊ शकलं नाही. कुंदनही ओशाळून हसला, फोनवर म्हणाला, "नंतर करतो," आणि बूट काढून चौकात आला.

आबा आले ते सगळ्यात शेवटी. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात काठी, आणि वासाने आधीच फुललेलं नाक. त्यांनी दाराशी चपला काढल्या. नवीन स्वयंपाकघराकडे काठी दाखवून म्हणाले, "आता बरोबर आग्नेयेला आलं. मी म्हणणारच होतो." वास्तुशास्त्राचं नाव काढलं की दिपमालाच्या कपाळावर आठी यायची, पण आज वाऱ्याने आणि शास्त्राने संगनमत केलं होतं, तिला बोलायला जागा नव्हती. चौक अजून तिथेच आहे हे आबांनी पाहिलं की नाही कळेना. पुसायला सांगितलेलं त्यांनी विचारलंच नाही. पंगत बसली ती चौकात. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या खोलीत एवढी माणसं मावत नव्हती, विभागांत कुणी जेवत नाही, आणि चौक मोकळा होता, म्हणून माणसं चौकाच्या चारी कडांनी रेघेला पाठ लावून बसली, जणू पाठीला खरंच टेकू मिळणार होता. केळीची पानं आली. पानावर हिरवंगार भरीत, त्यात ठेचलेली मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. आबांच्या शेजारी भागाबाई आली होती, तिच्या शेजारी कुंदन, समोर दिपमाला. समोरासमोर बसल्यामुळे सगळ्यांना सगळे दिसत होते. जुन्या शेडमध्ये यंत्रांच्या आवाजात एकमेकांची नुसती खांद्यांची ओळख असलेली माणसं एकमेकांच्या पानात काय उरलंय ते बघत होती आणि वाढायला सांगत होती. दिपमालाने पुरीचा तुकडा मोडला. तिखट थेट कानापर्यंत गेलं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं कारण तिखट होतं असं तिने स्वतःला सांगितलं. हे उद्या नसणार, इथे मशिन येणार, असं तिला वाटलं, आणि आता बोलायला हवं असंही वाटलं, पण तोंडात घास होता आणि आबांनी हात झटकून उठायची तयारी केली होती.

हात धुवायचा नळ चौकाच्या उत्तरेला, पॉलिश विभागाच्या पलीकडे होता, अगदी जवळ. आबा उठले, काठी घेतली, पॉलिश विभागात शिरले आणि बाहेरच्या भिंतीपाशी येऊन थांबले. नळ समोर दिसत होता. काठी लांब केली असती तर लागली असती. ओला भरीताचा हात त्यांनी जरा वर धरला होता. त्यांनी रेघेकडे बघितलं, नळाकडे बघितलं, आणि वळले. पुन्हा चौकात आले, सगळी पंगत ओलांडून मुख्य दारातून बाहेर पडले, आणि चुन्याच्या कडेकडेने अख्ख्या कारखान्याला अर्धी प्रदक्षिणा घालत, अनवाणी, पुटपुटत नळाकडे निघाले. पंगत बघत राहिली. कुणीही हसलं नाही. दिपमाला पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे धावली, तीही दारातूनच.

नळाशी ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. "आबा," ती म्हणाली, "मी चौक पुसला नाही. सकाळी बरं म्हटलं, पण मला ते पटलेलं नव्हतं. चौक काढायचा असेल तर कुंदनभाऊंची शेड उभी करा, चांगली होईल, पण मग ती मी नाही करणार." हे बोलताना तिचा आवाज कापला नाही याचं तिला फार आश्चर्य वाटलं. मन मात्र सैल झालं होतं, काम गेलं तर गेलं अशा तयारीला लागलं होतं. आईला काय सांगायचं तेही ती मनात जुळवायला लागली. आबा सावकाश बोटं चोळत हात धूत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

"लांब पडतं," ते म्हणाले.

"काय आबा?"

"नळ. चौकात जेवून उठलेल्या माणसाने हात धुवायला एवढा फेरा मारायचा का? म्हातारं माणूस दारापर्यंत पोचेस्तोवर हात वाळून जाईल. या अंगाला दार नको का ठेवायला, पोरी? चौकातून सरळ इकडे."

मागून आलेला कुंदन तिथेच होता. तो म्हणाला, "पण आबा, चौक तर काढायचा ठरला ना आपला?"

आबांनी टोपीखालून त्याच्याकडे बघितलं. "मग मी आत्ता जेवलो कुठे?"

कुंदन वळला. त्याने चौकाकडे पाहिलं, तिथे बाया पानं गोळा करत होत्या, ठेचणारे आडवे झाले होते, एक जण कडेला पाठ लावून गाणं गुणगुणत होता.  मग कुंदनने फोन खिशातून काढला आणि पुन्हा ठेवून दिला. दिपमालाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, पोटातून, अगदी लहानपणचं. ती रेघेजवळ गेली, चप्पल काढली आणि उघड्या टाचेने चुना पुसायला लागली. सकाळी याच पायाने ती भिंतीतून निघाली होती. चुना थंड होता, मातीत मिसळत होता, टाचेला पांढरा लेप बसत होता. दाराएवढी फट झाली. आजा, हे आपलं, असं ती मनात म्हणाली आणि मग तिला स्वतःचीच गंमत वाटली, कारण पहिल्यांदा त्या दारातून बाहेर कोण येतंय ते बघायला ती जीव मुठीत धरून उभी होती. भागाबाई आली, रिकामा हंडा घेऊन. दाराशी थांबली, खाली बघितलं, आणि आली. "आते बरं व्हयनं," एवढंच म्हणाली आणि नळाखाली हंडा लावला.

"आणखी रुंद हवं," कुंदन एकदम म्हणाला. तो हात पसरून दाराचं माप घेत होता, कपाळावर घाम. "म्याडम, पॉलिश इकडे होणार. तीन दारी कपाट इथून निघालं पाहिजे. हे एवढ्यातून कसं निघेल?"  दिपमालाने टाचेने आणखी थोडी रेघ पुसली. कुंदन म्हणाला, चालेल.

उन्हं उतरायला लागली तशी आवराआवर झाली. ज्यावर पुऱ्या ठेवल्या होत्या ते सागवानी टेबल कारखान्यात परत न्यायचं होतं. जोडणीवाल्या दोघांनी ते उचललं, एक पुढे, एक उलटा चालत मागे, आणि नवीन दाराकडे निघाले. रान चहूकडे मोकळं होतं. टेबल कुठूनही गेलं असतं. दाराशी आल्यावर पुढच्याने मागे बघून "जप, जप, पॉलिश जाईल" म्हटलं, मागचा थांबला, दोघांनी अंदाज घेतला, आणि चौकट चुकवायला टेबल हळूच तिरकं केलं. तिरकं करूनच ते बाहेर काढलं, मग पुन्हा सरळ केलं.

म्हणजे दार अजूनही अरुंद होतं. दिपमालाने घातलेली चप्पल पुन्हा काढली.